एव्हरस्पिनसारखी छोटी मेमरी कंपनी टिकते कशी?

मायक्रॉन-सॅमसंगसारख्या मेमरीतल्या दिग्गज कंपन्या असताना एव्हरस्पिनची 4 मेगाबिटची चिप घेतं कोण, असं विचारलंय. तर ज्यांना जास्त मेमरी नकोच असते ते घेतात. पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर), सर्वो ड्राइव्ह (मोटर अचूक फिरवणारं यंत्र), मीटर वगैरे बनवणारे. लाइट गेली की पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर जेमतेम काही मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात काउंटर, पोझिशन, फॉल्ट लॉग सगळं लिहून ठेवायचं असतं. फ्लॅशला (पेनड्राइव्हमध्ये असते ती मेमरी) आधी इरेज लागतं, शिवाय लाखभर वेळा लिहिलं की सेल दमतो. म्हणून वर्षानुवर्षं एसरॅम (वेगवान, पण वीज गेली की सगळं विसरणारी मेमरी) आणि शेजारी लिथियम बॅटरी असा जुगाड चालत आलाय, आणि मेंटेनन्सवाला बॅटरी बदलायला विसरला की दिवाळीच्या सुट्टीनंतर मशीनचे सगळे पॅरामीटर गायब.

एव्हरस्पिनने नेमकी हीच जागा पकडली. त्यांची टॉगल एमरॅम, म्हणजे वीज गेली तरी डेटा न विसरणारी चुंबकीय मेमरी, 35 नॅनोसेकंदात लिहिते, 20 वर्षं डेटा धरते आणि पिना एसरॅमच्याच. जुनी चिप काढा, ही बसवा, बॅटरी फेका, बोर्ड तोच. (फक्त मोठ्या कॉइलला चिकटून ठेवू नका, डेटाशीटमध्ये चुंबकीय क्षेत्राची मर्यादा दिलेली असते, ती कोणी वाचत नाही.) एकदा डिझाइनमध्ये गेली की ते मशीन पुढची 15 वर्षं विकलं जातं आणि थोडे पैसे वाचवायला सगळं टेस्टिंग परत करायची कोणाची तयारी नसते, मार्जिन तिथेच आहे. याउलट इंटेलने ऑप्टेन ही आपली नवी मेमरी डीरॅम (कॉम्प्युटरची मुख्य मेमरी) आणि एसएसडी (स्टोरेज) यांच्या मधल्या मोठ्या बाजारात उतरवली आणि 2022 मध्ये गाशा गुंडाळला.

मेमरी कंपनी सेन्सरचं काम कसं काय घेते म्हणाल, तर दोन्हींची भौतिकी एकच. दोन चुंबकीय थरांमध्ये अतिपातळ इन्सुलेटर, थरांची दिशा बदलली की रेझिस्टन्स बदलतो. मेमरीत ती दिशा अडकवून ठेवायची, टीएमआर सेन्सरमध्ये (याच तत्त्वावर चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) बाहेरच्या चुंबकाने फिरू द्यायची. ॲरिझोनात चँडलरला त्यांची 200 मिमी वेफरची (सिलिकॉनच्या चकतीची) उत्पादन लाइन आहे, बाहेरून आलेल्या सीमॉस, म्हणजे नेहमीचं सर्किट आधीच बनवलेल्या, वेफरवर तिथे हे थर चढवतात, मग त्याच मशिनरीवर सेन्सरचं काम घेणं साहजिकच.

पण शेअर घ्यायच्या आधी आकार बघा. 2024 ची विक्री साधारण 5 कोटी डॉलर, मायक्रॉनची 2,500 कोटींच्या वर. आणि मला भीती मायक्रॉनची वाटतच नाही, फाउंड्रीवाल्यांची, म्हणजे दुसऱ्यांसाठी चिप बनवून देणाऱ्यांची वाटते. त्यातली सगळ्यात मोठी टीएसएमसी आता एमरॅम थेट मायक्रोकंट्रोलरच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या चिपच्या) आतच देतेय, एनएक्सपी या चिप कंपनीने गाड्यांच्या चिपसाठी ती घेतलीसुद्धा. छोट्या कंट्रोलरला आतलीच मेमरी पुरली तर वेगळी चिप लावेल कोण?