प्रश्न तुमचे : अनुदानावरचं नाट्यगृह कमावतं कसं?

प्रश्न : लंडनच्या नॅशनल थिएटरला सरकारी अनुदान मिळतं आणि तरीही ते नाटकांतून बक्कळ कमावतं, असं ऐकलं. दोन्ही एकत्र कसं जमतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अनुदान आहे, पण नुसत्या अनुदानावर गाडा चालत नाही. आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या सरकारी कलानिधी वाटणाऱ्या संस्थेकडून अलीकडे वर्षाला सुमारे 1 कोटी 61 लाख पौंड मिळतात. उरलेला बराच मोठा खर्च तिकिटं, देणग्या, दौरे, हक्क, उपाहारगृहं आणि पुस्तकांचं दुकान यांतून भागवावा लागतो. अनुदानाचा खरा उपयोग वेगळाच आहे. फसू शकेल असं नाटक घाई न करता तालमीत ठेवता येतं.

नॅशनल थिएटरच्या ‘वॉर हॉर्स’ या नाटकाचंच पाहा. मुख्य पात्र घोडा, आणि तो रंगमंचावर आणायचा कसा हीच पहिली अडचण. केपटाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने वेताच्या सांगाड्याचे पूर्ण आकाराचे घोडे बनवले. एक घोडा चालवायला तीन माणसं लागतात : एक डोक्याशी, एक छातीच्या पोकळीत, एक मागच्या पायांशी. तिघांचा श्वासही एका लयीत यावा लागतो, नाहीतर घोडा क्षणात लाकडी होतो. अशी दीर्घ चाचपणी संस्थेच्या स्वतःच्या स्टुडिओत झाली. हॉलचं भाडं आणि कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन) मोजत बसलेल्या खासगी निर्मात्याला ती परवडली नसती.

नाटक 2007 मध्ये संस्थेच्याच ऑलिव्हिए थिएटरमध्ये आलं, 2009 मध्ये वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं, 2011 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन टोनी हा नाट्यपुरस्कार घेऊन आलं. लंडनमधले प्रयोग 2016 पर्यंत चालले आणि जगभरात 80 लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिलं. यातली कळीची बाब अशी की वेस्ट एंडचे प्रयोग संस्थेने स्वतः लावले. हक्क दुसऱ्याला देऊन नुसत्या रॉयल्टीवर राहिली असती, तर जोखीम टळली असती आणि नफाही. धोका मात्र खराच आहे. एका तुफान चाललेल्या नाटकाच्या भरवशावर कायमचे पगार ठरवले, की ते उतरलं त्या वर्षी हिशेबात खड्डा पडतो.

प्रश्न : नाटक कॅमेऱ्यावर दाखवलं तर प्रेक्षक नाट्यगृहात येणं सोडणार नाही का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नॅशनल थिएटरने जून 2009 मध्ये अभिनेत्री हेलन मिरेनचं ‘फेद्र’ हे नाटक चित्रपटगृहांत थेट दाखवून ‘एनटी लाइव्ह’ सुरू केलं. त्यामुळे मूळ प्रयोगांची विक्री घटल्याचं दिसलं नाही. उलट, लंडनला जाणं ज्यांना शक्यच नव्हतं असा प्रेक्षक मिळाला. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही ही नाटकं पडद्यावर दाखवली गेली आहेत.

आपल्याकडे चित्रीकरण फसतं ते बहुधा तीन कारणांनी. मागच्या रांगेत एकच कॅमेरा लावून भागवलं जातं. डोळ्याला चालणारा प्रखर स्पॉट कॅमेऱ्यात चेहरा पांढराफटक करतो आणि अंधारातलं नेपथ्य गिळून टाकतो. आवाज हॉलमधूनच उचलल्यामुळे संवादापेक्षा खोकला ठळक ऐकू येतो. म्हणून प्रेक्षकांविना निदान एक कॅमेरा-तालीम घ्या, प्रकाशयोजना मॉनिटरवर पाहून पुन्हा बेता आणि ध्वनी वेगळ्या मायक्रोफोनवर घ्या. सगळ्यात आधी लेखक, संगीतकार आणि कलाकारांशी लेखी करार करा. चित्रीकरण झाल्यावर मानधनाची बोलणी सुरू झाली, तर ते कपाटातच राहतं.

प्रश्न : नायजेरियातल्या लागोसचं राष्ट्रीय नाट्यगृह एवढं प्रचंड असून वर्षानुवर्षं दुरवस्थेत का होतं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आकार हेच एक कारण. 1977 च्या फेस्टॅक या आफ्रिकी कला महोत्सवासाठी ही वास्तू 1976 मध्ये उभी राहिली. बल्गेरियातल्या व्हार्ना शहरातील क्रीडा आणि संस्कृती भवनाच्या नमुन्यावर, बल्गेरियन कंपनीने बांधलेली. मुख्य सभागृह सुमारे 5,000 खुर्च्यांचं. महोत्सवाला ते शोभतं, पण मंगळवारच्या संध्याकाळी बोलक्या नाटकाला 400 प्रेक्षक आले तर तेवढ्यांसाठी सगळा हॉल थंड ठेवायचा आणि उजळायचा. त्यात लागोसमधली बेभरवशाची वीज. 1992 नंतर व्हिडिओ चित्रपटांनी प्रेक्षकाला घरी बसवलं, ते निराळंच. 2021 मध्ये मध्यवर्ती बँक आणि इतर बँकांनी दुरुस्ती हाती घेतली. 2024 मध्ये वास्तूला नायजेरियाचे नोबेलविजेते लेखक वोले सोयिंका यांचं नाव देण्यात आलं. नाव मोठं मिळालं, पण एवढ्या मोठ्या सभागृहाचं गणित तेच आहे.

प्रश्न : आमच्या पालिकेच्या नाट्यगृहाचं उत्पन्न कसं वाढवावं? भाडं वाढवलं की निर्माते येत नाहीत. (नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, विदर्भ)

उत्तर : सरसकट भाडं वाढवू नका. शनिवार-रविवारचं भाडं आहे तेच ठेवा आणि रिकाम्या राहणाऱ्या मधल्या वारांना वाटा-पद्धत लावून पाहा. समजा, 700 खुर्च्या आणि सरासरी तिकीट 300 रुपये. हाउसफुल्ल झाल्यास विक्री 2,10,000. भाडं निम्मं घ्या आणि 60 टक्क्यांवरच्या, म्हणजे 1,26,000 च्या पुढच्या विक्रीतले 10 टक्के पालिकेचे ठरवा. भरलेल्या प्रयोगाला 8,400 रुपये वर मिळतात, आणि पडलेल्या प्रयोगाला निर्माता बुडत नाही. अट एकच : संगणकीय, क्रमांकित तिकिटं आणि पासांची वेगळी नोंद. नगरसेवकांच्या पासांचीसुद्धा!

दुसरं, रंगमंचासमोरच्या बारवर (दिवे टांगायच्या आडव्या नळीवर) दिव्यांचा कायमचा संच टांगून ठेवा आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र), बारची वजनक्षमता, विंगांची रुंदी, दाराची उंची यांचा एक पानी नकाशा बुकिंगसोबतच पाठवा. नेपथ्य टेम्पोतून उतरवून उभं करायला दोन-तीन तास मिळतात. त्यातला एक तास दिवे टांगण्यातच जातो, आणि दारातून न मावणारी फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) तिथंच कापावी लागते. आधीच्या सत्रातला सत्कार किंवा गॅदरिंग लांबलं तर तोही वेळ जातो, म्हणून दोन सत्रांत निदान तासाभराचं अंतर नियमावलीत लिहा आणि उशिराला दंड ठेवा. मेकअप रूममधली स्वच्छतागृहं मात्र या सगळ्याच्या आधी. तिथली दुर्गंधी दौऱ्यावरची मंडळी विसरत नाहीत आणि पुढच्या तारखा शेजारच्या शहराला देतात. मध्यंतरातल्या वडा-चहाच्या स्टॉलचा ठेका दर वर्षी लिलावात काढा. निविदेत दर आणि वजन दोन्ही लिहा, नाहीतर वडा लिंबाएवढा होतो.