पाण्यात टाकलेली गोळी फुटत नाही, म्हणजे ती बनावट असते का?

तुमचा प्रश्न असा: तापाची गोळी पाण्यात टाकली तर दोन-तीन मिनिटांत तिचा भुगा झाला, आईची शुगरची गोळी मात्र तासाभरानंतरही तशीच. मग ती बनावट का? आणि गोळी फुटावी म्हणून तिच्यात घालतात तरी काय?

मी वाळूज एमआयडीसीत गोळ्यांच्या प्रॉडक्शनला आहे, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. मशीनमध्ये दाबून घट्ट केलेली गोळी पोटात सुटी व्हावी यासाठी जे घालतात, त्याला डिसइंटिग्रंट म्हणतात. पूर्वी साधा मक्याचा स्टार्च असायचा, तोही ५ ते १५ टक्के. आता सोडियम स्टार्च ग्लायकोलेट (आमच्या भाषेत एसएसजी), क्रॉसकारमेलोज आणि क्रॉसपोव्हिडोन. यांचं २ ते ५ टक्क्यांत भागतं. एसएसजी पाणी पिऊन कितीतरी पट फुगतो. पहिल्या पावसात काळ्या रानातलं ढेकूळ कसं फुगून विस्कटतं, तसंच. काळ्या मातीतल्या त्या फुगणाऱ्या चिकणमातीच्याच जातीचं बेंटोनाइट एकेकाळी गोळ्यांत वापरलं जायचं. फक्त त्याने गोळी मळकट दिसते. क्रॉसपोव्हिडोन फारसा फुगत नाही, तो वातीसारखं पाणी आत ओढतो.

जास्त घातलं की लवकर फुटेल, असंही नाही. एसएसजी ८ टक्क्यांच्या वर गेला की चिकट थर धरतो आणि पाणी बाहेरच अडतं.

बरं, डिसइंटिग्रंट बरोबर असूनही गोळी अडून बसते. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. गोळी मशीनला चिकटू नये म्हणून शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालून ब्लेंडर ५ मिनिटं फिरवायचा होता. टायमर बिघडलेला, मी जेवायला गेलो, आणि तो २५ मिनिटं फिरला. स्टिअरेट तुपकट; कणाकणावर त्याचा लेप बसला. गोळी फुटायला लागणारा वेळ, म्हणजे डीटी, ४ मिनिटांवरून १८ वर गेला. बॅच होल्ड. सुपरवायझर म्हणाले, "अरे, पिठाला तेल चोळून ठिवलंस, आता पाणी कुठून शिरंल?"

१८ चालत नाही, कारण कोटिंग नसलेल्या साध्या गोळीला फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमांच्या ग्रंथात, १५ मिनिटांची मर्यादा आहे. फिल्म कोटिंगवालीला, म्हणजे वरून पातळ थर दिलेलीला, ३०. ही चाचणी ३७ अंशांच्या पाण्यात, एकेक गोळी ठेवलेल्या सहा नळ्या मिनिटाला सुमारे ३० वेळा खालीवर करत होते. तुमच्या ग्लासातलं पाणी गार आणि स्थिर, त्यामुळे घरच्या प्रयोगावर फार जाऊ नका.

आता आईची गोळी. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) आहे का बघा. मेटफॉर्मिन या शुगरच्या औषधाची तशी गोळी लवकर फुटू नये अशीच बनवतात. पाण्यात ती बुळबुळीत होते आणि औषध कित्येक तास हळूहळू सोडते. म्हणून ती फोडून, कुटून देऊ नका. तसं काहीच लिहिलेलं नसेल, तर पाकीट आणि बिल घेऊन मेडिकलवाल्याला बॅच नंबर दाखवा. तोवर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.