चहा सोडला, तरी छाती दुखतेच

"रिपोर्ट साधा आलाय. पण गाठी विरघळायला खायचं काय?" स्तनांमधल्या कर्करोगाच्या नसलेल्या, साध्या बदलांसाठी माझ्याकडे पाठवलेल्या बहुतेक जणी हाच प्रश्न घेऊन येतात. उत्तर एका ओळीचं आहे: खाण्यापिण्याने गाठी विरघळत नाहीत, दुखणं मात्र काहीजणींचं थोडं हलकं होतं. एवढं ऐकून कुणाचं समाधान होत नाही हे मला माहीत आहे. म्हणून एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३८. पाळीच्या आठवडाभर आधीपासून दोन्ही स्तन जड व्हायचे, काखेपर्यंत ठणकायचे, कपड्याचा स्पर्शही नको व्हायचा. हाताला दाणेदार लागायचं. सर्जननी तपासलं, मॅमोग्राम आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर आलं, 'फायब्रोसिस्टिक बदल, बायरॅड्स २'. फायब्रोसिस्टिक म्हणजे कुठे तंतू जाड झालेले, कुठे पाण्याच्या पिशव्या झालेल्या. बायरॅड्स म्हणजे रेडिओलॉजिस्टने द्यायचा शेऱ्याचा क्रमांक. २ चा अर्थ, दिसतंय ते साधं आहे, सुई टोचून तुकडा काढायची गरज नाही. 'काळजीचं कारण नाही' असं डॉक्टर म्हणाले आणि बाईंची काळजी तिथूनच सुरू झाली. कारण नाही, तर मग दुखतं कशाने?

त्यांनी पर्समधून एक वही काढली. मागच्या पानावर दोन रकाने आखलेले. 'चालेल'खाली जेमतेम पाच-सहा नावं आणि 'बंद'चा रकाना पान उलटून पुढे गेलेला. चहा, कॉफी, चॉकलेट, दूध, सोयाबीन, साखर, तेल, मीठ. काही जावेने सांगितलेलं, काही मोबाइलवरच्या व्हिडिओतलं. वजन चार किलो उतरलेलं. चहा एका दिवसात तोडल्यामुळे सुरुवातीला डोकं इतकं धरलं, की तोही गाठींचाच त्रास असं त्यांना वाटलं होतं.

"आणि दुखणं?"

"आहे तसंच. म्हणून विचारायला आले, आता अंडंही बंद करू का?"

चहा-कॉफीवरचा हा आळ जुना आहे. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका सर्जननी कॅफिन सोडलेल्या बायकांच्या गाठी कमी झाल्याचं लिहिलं आणि ते जगभर पसरलं. पुढे तुलना करून अभ्यास झाले, त्यांत हा फायदा सातत्याने दिसला नाही. तरी मी सरसकट 'खोटं' म्हणत नाही. एखादीला चहा कमी केल्यावर खरंच बरं वाटतं. दोन-तीन महिने करून बघावं, फरक पडला तर ठेवावं, नाही तर कप परत हातात घ्यावा. सोयाबीनची भीती तर पार अनाठायी. जेवणात येतं तेवढ्याने या गाठी वाढत नाहीत.

मग खाण्यात काहीच नाही का? आहे, पण थोडं. दळलेल्या जवसाला बऱ्यापैकी आधार आहे: दिवसाला साधारण २५ ग्रॅम घेतल्यावर पाळीशी जोडलेलं दुखणं कमी झाल्याचं एका चाचणीत दिसलं. भरपूर पाण्यासोबत, थोड्यापासून सुरू करायचं; रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आहारातली चरबी खूप खाली आणल्यावर आराम पडल्याचंही छोट्या अभ्यासात आढळलंय, पण तितकं काटेकोर जेवण वर्षानुवर्षं निभावणं अवघड. इव्हिनिंग प्रिमरोज नावाच्या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र मी सुचवत नाही. ब्रिटनमध्ये स्तनांच्या दुखण्यावरचं औषध म्हणून त्यांना असलेला परवाना २००२ मध्येच काढून घेतला गेला, कारण उपयोग होतो हे पुरेसं सिद्ध होईना.

खरी गोष्ट मला वहीत सापडली नाही. तपासणीला सोबत असलेल्या सिस्टरनी दाखवली. डाव्या स्तनावर, काखेकडच्या वरच्या भागात, बॉलपेनचे चार ठिपके होते आणि मधली कातडी निळसर पडलेली. गाठ उद्या नेमकी तिथेच सापडावी म्हणून बाईंनी खुणा करून ठेवल्या होत्या. अंघोळीला, दुपारी, झोपताना, दिवसातून कितीदा तरी दाबून बघायच्या. आधीच सुजून हळवा झालेला भाग इतका चेपल्यावर दुखणार नाही तर काय!

मग कागदावर चित्र काढून समजावलं. पाळीच्या महिनाभराच्या चक्राच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने दुधाच्या नळ्या आणि ग्रंथी फुगतात, आजूबाजूला पाणी धरतं. पाळी आली की ओसरतं. दर महिन्याचा हा चढउतार वर्षानुवर्षं चालला की काही ठिकाणी तंतू जाड होतात, काही ठिकाणी पाण्याच्या पिशव्या, म्हणजे सिस्ट, तयार होतात. तिशी ते पन्नाशीत हे इतक्या जणींना होतं की डॉक्टरांनी त्याला 'आजार' म्हणणंच सोडून दिलंय. साध्या सिस्टचा कर्करोग होत नाही.

माझा पहिला सल्ला त्यांना पटला नाही: 'बंद'चा रकाना खोडा. त्याऐवजी रोज तीनच गोष्टी लिहायच्या. तारीख, दुखणं शून्य ते दहापैकी किती, पाळी आहे की नाही. स्तन बघायचे ते महिन्यातून एकदाच, पाळी संपल्यावर, सपाट बोटांनी. एरवी हात लावायचा नाही. दुसरं, ब्रा. अनेक वर्षं जुन्या मापाची वापरत होत्या, पट्टा पाठीत वर चढलेला. माप घेऊन नीट आधार देणारी घेतली, दुखण्याच्या दिवसांत झोपतानाही मऊ ब्रा ठेवली. एवढ्याशा गोष्टीने पडणारा फरक मी इतक्या जणींत पाहिलाय, की आहाराच्या आधी मी हेच विचारते. फार ठणकलं तर लावायला डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचं जेल लिहून दिलं. रोज चालायला सांगितलं, तेही गाठींसाठी नव्हे. झोप, वजन आणि मन ताळ्यावर राहावं म्हणून.

गर्भनिरोधक गोळ्या, रजोनिवृत्तीनंतरची हार्मोन्स किंवा नैराश्यावरची काही औषधं यांनीही स्तन दुखू शकतात, हेही विचारून घेतलं. त्यांना काही चालू नव्हतं. असेल तर आपल्या मनाने बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं.

तीन पाळ्यांनंतर वही घेऊन आल्या. आकडे पाळीच्या आधीच्या पाच-सहा दिवसांत चढत होते आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी उतरत होते, चहा घेतलेल्या महिन्यातही आणि न घेतलेल्याही. शिखर आठवरून पाचवर आलं होतं. जवसाने, ब्राने की दाबणं थांबल्याने, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मी श्रेय वाटत बसले नाही.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. उजवीकडे नवी गाठ, गोल, ठळक. आधी ठरवलं होतं तसं त्यांनी एक पाळी जाऊ दिली होती. बाकीचं ओसरलं, ही राहिली. मी लगेच तपासायला बोलावलं. पाळीनंतरही न जाणारी किंवा टणक, जागची न हलणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं स्तनाग्र, आपोआप येणारा रक्ताळ स्राव, काखेतली गाठ, यांतलं काही दिसलं की आहाराचा विषय बाजूला ठेवायचा. पाळी गेलेल्या बाईने तर नव्या गाठीसाठी एक दिवसही वाट बघायची नाही. आधीचा रिपोर्ट साधा होता म्हणून पुढची गाठही साधीच असेल, असं धरून चालत नाही.

सोनोग्राफीत ती साधी सिस्ट निघाली. दुखत होती म्हणून सुईने पाणी काढलं. पिवळसर पाणी, रक्ताचा अंश नाही, गाठ जागीच बसली. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलंच, "रोज जवस खात होते, तरी कशी आली?" सिस्ट थांबवणं जवसाचं काम नाही, मी म्हटलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, त्याच जागी भरली तर बघायला.