वाचक विचारतात : दीड कोटी, पण पैसे येण्याआधीचे की नंतरचे?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आम्ही दोघे मित्र शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी उपकरणं बनवतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, हिस्सा निम्मा-निम्मा. एक गृहस्थ दीड कोटी व्हॅल्युएशन धरून ५० लाख गुंतवायला तयार आहेत. त्यांना किती टक्के द्यावे लागतील?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दीड कोटी प्री-मनी की पोस्ट-मनी, हे आधी लेखी घ्या. प्री-मनी असेल तर पैसे आल्यावर कंपनी दोन कोटींची होते आणि त्यांचा हिस्सा २५ टक्के. पोस्ट-मनी असेल तर दीड कोटीत त्यांचे ५० लाख धरलेलेच असतात आणि हिस्सा होतो ३३.३३ टक्के. बोलताना दोघंही नुसतं ‘दीड कोटी’ म्हणतात आणि फरक कळतो टर्मशीट, म्हणजे व्यवहाराच्या अटींचा मसुदा, हातात आल्यावर.

त्याच टर्मशीटमध्ये ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या शेअरांचं, कलम नीट वाचा. पैसे आल्यानंतरच्या एकूण शेअरांतले १० टक्के तुमच्याच वाट्यातून काढायचे असं लिहिलं असेल, तर (दीड कोटी प्री-मनी धरून) त्यांचे २५ तसेच राहतात आणि तुमच्याकडे उरतात प्रत्येकी साडेबत्तीस. तेच नंतर काढले तर त्यांचाही हिस्सा साडेबावीसवर येतो आणि तुमचे प्रत्येकी ३३.७५ राहतात. पुढच्या वर्षभरात कुणाला नेमणार, त्याची यादी करा. तिला पुरेल तेवढाच ईसॉप कबूल करा. सरसकट १० टक्क्यांना आमचा विरोध आहे.

आता कागदपत्रं. इथे क्रम चुकला की सगळं निस्तरत बसावं लागतं. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, संचालक मंडळाचा ठराव, सर्वसाधारण सभेत विशेष ठराव. तो ठराव कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ या फॉर्ममध्ये दाखल झाल्यावरच पीएएस-४ हे ऑफर लेटर त्यांच्या नावाने द्यायचं. पैसे बँकेतूनच, वेगळ्या खात्यात. ६० दिवसांत शेअरवाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे वाटप कळवणारा फॉर्म. पीएएस-३ दाखल होईपर्यंत त्यातला एक रुपयाही वापरता येत नाही. उपकरणांच्या साच्याचा (मोल्डचा) अ‍ॅडव्हान्स नेमका याच दिवसांत द्यायचा असतो, म्हणून त्याची सोय आधीच वेगळी ठेवा.

प्रश्न : एंजल टॅक्स अजून लागतो का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. रास्त मूल्यापेक्षा जास्त दराने शेअर देऊन घेतलेल्या जादा रकमेवर कंपनीला लागणारा हा कर. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला, आकारणी वर्ष २०२५-२६ पासून लागत नाही. पण म्हणून मूल्यांककाचा अहवाल टाळता येत नाही. तो कंपनी कायद्यासाठी लागतो.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी आहे. आठ महिन्यांपूर्वी मामांनी शेअरसाठी ८ लाख कंपनीच्या खात्यात भरले. शेअर द्यायचे राहून गेले. आता नवा गुंतवणूकदार विचारतोय. ही रक्कम नातेवाइकाचं कर्ज म्हणून दाखवू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दाखवू नका. संचालकाच्या नातेवाइकाकडून प्रायव्हेट कंपनीला कर्ज घेता येतं, पैसे स्वतःचे आहेत असं त्याने लिहून दिलं तर. पण कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य एवढेच येतात. मामा त्यात नाहीत. आपल्याकडे भांडवल पहिलं मामाकडूनच येतं, त्यामुळे ही चूक घरोघर होते.

६० दिवसांत वाटप नाही आणि त्यापुढच्या १५ दिवसांत परतफेडही नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ही रक्कम आता ठेव झाली आहे. ती मामांना बँकेतून परत करा आणि साठाव्या दिवसानंतरच्या काळाचं वर्षाला १२ टक्क्यांनी व्याजही द्या. दंडाची बाजू कंपनी सेक्रेटरीला आत्ताच दाखवा. मामांना शेअर द्यायचेच असतील तर वर सांगितलेल्या क्रमाने, नव्या ऑफर लेटरवर आणि पुन्हा नव्याने पैसे घेऊन. गुंतवणूकदाराला मात्र हे आजच सांगा, परतफेडीची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट झालं की पाठवा. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे गुंतवणुकीआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत, त्याच्या सीएला ही नोंद सापडणारच आहे.