‘पुट ऑफ’चा खरा अर्थ कोणता?

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या वहीत ‘पुट ऑफ’ म्हणजे ‘पुढे ढकलणे’ असं लिहिलंय. घरात मात्र आम्ही सगळे ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणतो. ती विचारते, बरोबर कोणतं? – एक आई, परभणी

उत्तर : ताई, दोन्ही बरोबर. लेकीला शंका आली याचाच मला फार आनंद वाटला. बाकीची लेकरं गाइडातली यादी घोकून मोकळी होतात.

आपण ‘दार लाव’ म्हणतो, ‘दिवा लाव’ म्हणतो, ‘झाड लाव’ही म्हणतो. ‘लाव’ तेच, पण कर्म बदललं की अर्थ बदलतो. ‘पुट ऑफ’चंही असंच आहे, म्हणून आधी कर्म बघायचं.

कर्म एखादं काम असेल तर ते लांबणीवर टाकणं. मिरगाची एखादी सर पडली म्हणून जाणता शेतकरी लगेच तिफण धरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभागही सांगतो. तेव्हा ‘वी पुट ऑफ सोइंग’. पेरणी होणार आहे, फक्त नंतर. होणारच नसेल तर ‘कॉल ऑफ’. हा फरक तिच्या मनात पक्का बसू द्या.

कर्म माणूस असेल तर त्याला टोलवणं. उसने पैसे मागायला आलेल्याला ‘उद्या या, परवा या’ करतात ना, ते. नाहीतर त्याचं मन उडवणं : ‘द स्मेल पुट मी ऑफ’, वासानंच खायची इच्छा गेली. हा अर्थ शाळेत फारसा सांगत नाहीत, पण पुस्तकं वाचताना तोच वारंवार भेटतो.

दिव्याचा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतही आहे. आता ‘टर्न ऑफ’, ‘स्विच ऑफ’ जास्त रूढ आहे, म्हणून पेपरात तिला ते लिहू द्या. घरातलं बोलणं बदलायची गरज नाही.

मार्क जातात ते रचनेत. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं : ‘पुट ऑफ सोइंग’. ‘टु सो’ नाही. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ यांची जागा मधेच : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. भूतकाळातही ‘पुट’च राहतं, ‘पुटेड’ होत नाही.

तिला घरातली, शेतातली, शाळेतली स्वतःची वाक्यं लिहायला सांगा. अडलं तर पुन्हा पत्र टाका, मी तपासून देईन.