वाचकांचे प्रश्न: गर्भारपणातील नाच आणि रियाज

प्रश्न: मी गेली अकरा वर्षे कथक शिकत आहे. ही माझी पहिलीच खेप असून सध्या अठरावा आठवडा सुरू आहे आणि आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. मळमळीमुळे पहिले तीन महिने रियाज बंद होता. आता पुन्हा उभे राहावेसे वाटते. परंतु पाय आपटल्याने गर्भाला धक्का बसतो, तेव्हा बाळंतपण होईपर्यंत घुंगरू बांधू नयेत, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय लग्नाचे हे तिसरे वर्ष असल्याने श्रावणात मंगळागौर आहे आणि नणंदेने रात्रभर खेळांचा बेत केला आहे. मी नाचावे की नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर: अवश्य नाचावे, परंतु आपल्या नृत्यातील काय ठेवायचे आणि काय काही महिने बाजूला ठेवायचे, हे आधी ठरवावे. गर्भ हा गर्भाशयाच्या जाड स्नायूंच्या आत, गर्भजलात तरंगत असतो. गर्भारपण निर्वेध असेल, तर मध्यम व्यायामामुळे गर्भपाताचा किंवा अकाली प्रसूतीचा धोका वाढत नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मनाई करण्यासारखे कारण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. अशा हालचालीने वजन अवास्तव वाढत नाही आणि गर्भारपणातील मधुमेहाची शक्यताही कमी होते. सासूबाईंची काळजी सर्वस्वी निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बाळाला तुमच्या पायांच्या आघाताचे भय नसले, तरी तुम्हाला तोल जाण्याचे भय आहे, आणि कंबर व ओटीपोटाचे सांधे या काळात सैलावलेले असतात.

म्हणून चक्कर, म्हणजे कथकातील गिरक्या, पूर्णपणे बंद ठेवावेत. गर्भारपणाच्या मध्यावर रक्तवाहिन्या शिथिल होऊन रक्तदाब थोडा उतरतो, पोट पुढे येऊ लागल्याने शरीराचा तोल बदलतो, आणि अकरा वर्षांच्या सवयीने पाय जिथे पडायचे तिथे ते पडतीलच याची खात्री राहत नाही. निष्णात नर्तकीला हे पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण तिचा आपल्या शरीरावर फार विश्वास असतो. उड्या, गुडघ्यांवर झटकन बसणे आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतील तत्कार (तालावर पाय आपटण्याचे पदन्यास) हेही वगळावे. विलंबित (संथ) आणि मध्य लयीतील तत्कार चालेल. मात्र तो गुळगुळीत फरशीवर किंवा घसरणाऱ्या सतरंजीवर करू नये. घुंगरांबद्दल माझे मत विचाराल, तर ते न बांधणेच बरे, कारण प्रत्येक पायाला शंभर-शंभर घुंगरांचे ओझे लावून घोटे आणि गुडघे शिणवण्यात काही लाभ नाही. सासूबाईंचा निम्मा शब्द त्यामुळे आपोआप राखला जाईल, हे वेगळेच.

श्रम किती होत आहेत हे कसे ओळखावे? पूर्वी गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत असे सांगत असत. परंतु गर्भारपणात विश्रांतीच्या वेळीही नाडी एरवीपेक्षा जलद चालते, त्यामुळे तो आकडा मागे पडला आणि श्रम चालू असताना बोलता येते की नाही, हीच कसोटी प्रचलित झाली. कथक शिकणाऱ्या स्त्रीला तर ही कसोटी शिकवावी लागत नाही. तत्कार करताना तीनतालाच्या सोळा मात्रांचे बोल स्पष्ट उच्चारून पढंत करता येत असेल, तर श्रम बेताचे आहेत. बोल तुटू लागले, सम (तालाची पहिली मात्रा) गाठण्याआधी श्वास घ्यावा लागला, की लय उतरवावी. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पाणी प्यावे आणि कोंदट खोलीत रियाज करू नये. शेवटी उताणे पडून विसावण्याची सवय असेल तर ती सोडावी; वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घेरी येऊ शकते, म्हणून कुशीवर पडावे.

या महिन्यांत अभिनयाकडे वळण्याची संधी मात्र दवडू नका. बसून केलेल्या ठुमरीत भुवई, मान आणि बोटे यांवरच सारा डोलारा उभा असतो, आणि आपल्याकडे बैठकीच्या लावणीने हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केली आहे. चक्करांच्या धामधुमीत हा भाग बहुधा मागे राहून जातो.

आता मंगळागौर. फुगडी नको, कोणत्याही प्रकारची नको. त्यात गरगर फिरणे तर आहेच, शिवाय तुमचा तोल समोरचीच्या हातांच्या पकडीवर अवलंबून असतो. बस फुगडी आणि कोंबडा यांत उकिडवे बसून उड्या माराव्या लागतात, तेही टाळावेत. हलक्या हाताने झिम्मा खेळावा, गाणी म्हणावीत, आणि मध्यरात्रीपूर्वी झोपावे. उपासाच्या रिकाम्या पोटी तर खेळायला उभेच राहू नये. पुढे नवरात्रात हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळायला, प्रकृती अशीच राहिली तर, हरकत दिसत नाही.

हे सारे अर्थात गर्भारपण निर्वेध असलेल्या स्त्रीसाठी आहे. वार (गर्भाचे पोषण करणारा, नाळेने त्याला जोडलेला अवयव) खाली असणे, गर्भाशयाचे तोंड सैल असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, रक्तदाब वाढणे, हृदयाचा विकार, अकाली कळा अशी काही अडचण असल्यास स्वतःच्या डॉक्टरांच्या परवानगीवाचून रियाज करू नये. तुमची विसाव्या आठवड्याच्या सुमाराची सोनोग्राफी व्हायची असेल, तर वारेची जागा त्या वेळी विचारून घ्यावी. नाचताना रक्त दिसले, अंगावरून पाणी गेले, पोटात ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, छातीत दुखले, डोके तीव्र दुखू लागले किंवा एकाच पोटरीला सूज व वेदना आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

प्रश्न: मला सातवा महिना असून हिमोग्लोबिन ८.९ आहे. घरी व्हिडिओ लावून झुंबा करू का? दोन गाण्यांतच धाप लागते. – एक वाचक, नाशिक

उत्तर: सध्या करू नये. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो, आणि तुमची धाप बहुधा त्याचीच आहे. परंतु थोड्या हालचालीने इतका दम लागत असल्याने याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून हृदयाची तपासणीही करून घ्यावी. हा त्रास तुमच्या एकटीचा नाही: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून तिला काही तासांचे अंतर ठेवावे. गोळ्यांनी भागणार नसेल तर डॉक्टर शिरेतून लोह देतील. धाप लागण्याचे कारण कळेपर्यंत, डॉक्टरांनी मोकळीक दिली तरच, घरातल्या घरात संथ चालणे पुरे, आणि आवडते गाणे हवेच असेल तर ते खुर्चीत बसून हातांच्या हालचालींनी करावे. झुंब्याचा विचार पुढचा रक्ताचा अहवाल हाती आल्यावर.