गोव्याहून एका दिवसात आंबोलीचे पाचही पॉइंट उरकतील का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत चार दिवस गोव्यात आहात, त्यातला एक दिवस आंबोलीला द्यायचाय, मुलं ६ आणि १० वर्षांची आहेत, तर मुख्य धबधबा, कावळेसाद, नांगरतास, महादेवगड आणि हिरण्यकेशी असं सगळं उरकेल का. मधल्या वारी पहाटे निघालात तर उरकेल. रविवारी नाही उरकणार. पण धुणं उरकतात, भांडी उरकतात, आंबोली उरकू नका, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर सावंतवाडीचं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, २७ वर्षं, आणि त्यातली बहुतेक आंबोली घाटात. वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारी इंग्रजांच्या काळातली ही वाट. समुद्रावरून आलेलं वारं इथे एकदम सह्याद्रीला थडकून वर चढतं आणि सगळं पाणी इथेच टाकतं. वर्षाला साधारण ७ हजार मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. त्या पावसात, धुक्यात, पुढचं वळण दिसत नसताना बाबांनी गाडी चालवली. घाटाचं कौतुक त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण घाटाबद्दल कुणी वाकडं बोललं तर ते उठून आत जायचे.

२०१८ च्या जुलैत माझे मोठे दीर, जाऊबाई आणि ९ वर्षांचा पुतण्या पुण्याहून आले. आम्ही दोघं होतोच. भाऊजींनी कागदावर वेळापत्रक आणलं होतं. मुख्य धबधबा २० मिनिटं, हिरण्यकेशी १५, नांगरतास २०, कावळेसाद ३०, महादेवगड १५, मग जेवण, आणि दुपारी चारला घाट उतरून गोव्यात समुद्रावर सूर्यास्त. जुलैत सूर्यास्त! बाबांना मी मुद्दाम बरोबर घेतलं, कारण त्यांच्याइतका हा रस्ता कुणाला ठाऊक नाही. बाबा फक्त एवढंच म्हणाले की आज रविवार आहे, आज नको. कुणी ऐकलं नाही. मीही जोर लावला नाही, नव्या नव्या नात्यात माणूस गप्प बसतो.

सकाळी नवाला निघालो. सावंतवाडीहून आंबोली जेमतेम ३० किलोमीटर, पण धबधब्याच्या खालीच गाड्यांची रांग लागली आणि धबधब्यापाशी पोचायला साडेबारा वाजले. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, गाड्यांची दारं उघडी टाकून गाणी लावलेली, पाण्यात कणसांची बुरकुंडं आणि बाटल्या. भाऊजींनी फोटो काढले आणि घड्याळ बघितलं. तिथून सुटून कावळेसादला गेलो तर दरीभर नुसतं पांढरं. बाबा म्हणाले, अर्धा तास बसा, वारं आलं की फाटेल. खालून येणारं वारं तिथे इतकं जोरात असतं की कड्यावरून पडणारं पाणी परत वर उडतं, टोपी सोडली तर तीही दरीतून उलटी येते. आम्ही सात मिनिटं थांबलो. नांगरतास आणि महादेवगड रद्द झाले. हिरण्यकेशीला पोचलो तेव्हा बाबांनी चपला काढल्या, कुंडाच्या काठावर बसून तोंड धुतलं आणि शांतपणे गुहेकडे बघत राहिले. तिथून नदी उगम पावते, पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेला. कोकणच्या उंबऱ्यावरचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं, हे बाबा पुतण्याला सांगायला लागले, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

परतताना अंधार पडला. आंबोली गाव मागे पडलं होतं, घाट अजून सुरू व्हायचा होता. बाबा पुढच्या सीटवर होते. एकदम म्हणाले, "पावण्यानू, जरा थांबा. रस्त्यार जीव आसत." दिव्याच्या उजेडात ओल्या डांबरावर बेडूक रस्ता ओलांडत होते. एक नाही, कितीतरी. भाऊजी म्हणाले, "बेडकांसाठी थांबायचं? आधीच चार तास फुकट गेलेत." बाबांनी त्यांना उत्तर दिलं नाही. रुंद जागा बघून गाडी कडेला घ्यायला लावली, छत्री उघडली, टॉर्च घेतली आणि पुतण्याला हाताला धरून उतरले.

रस्त्याच्या कडेला पाणी साचलं होतं आणि त्यावर एक फांदी आली होती. तिच्या पानांना साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला, आणि शेजारी हिरवागार बेडूक, बोटांमधले पडदे लालभडक. हा उडता बेडूक, झाडावरून झाडावर तरंगत जातो. फेसात त्याची अंडी असतात. पिल्लं बाहेर पडली की सरळ खालच्या पाण्यात पडतात, म्हणून फांदी पाण्यावरचीच निवडतो. बाबांना शास्त्रातलं नाव माहीत नव्हतं, पण हे सगळं त्यांनी सांगितलं. रात्रीच्या फेऱ्यांना उजेडात जे दिसायचं ते वर्षानुवर्षं बघून. दहा मिनिटांत गाडीत परत आलो. पुतण्या आता कॉलेजात जाईल, आंबोलीचा विषय निघाला की तो एवढंच सांगतो. धबधबा त्याला आठवत नाही.

आणि भाऊजींनी पुण्यात सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आंबोलीत काही नाही, एक धबधबा आणि धुकं. आजही प्रत्येक लग्नात सांगतात.

काही नाही? सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचा, पिवळसर, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा भेक, बेडकाचाच भाऊबंद, आहे, तो शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंदवला आणि आंबोली परिसर हेच त्याचं घर. पहिला पाऊस पडला की कातळावरच्या वीतभर डबक्यात तो अंडी घालतो. त्या डबक्यात तुमचा बूट पडला की संपलं. बाबा ज्या कुंडावर बसले होते, त्याच हिरण्यकेशीच्या पाण्यातल्या माशाची नवीन प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, नदीचंच नाव त्याला मिळालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती दोन हेक्टरची जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. भाऊजी तिथे हॉर्न वाजवत होते.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. पाचातले दोन सोडून द्या. मुख्य धबधबा जाताजाता सकाळी आठच्या आत बघा, नंतर तिथे थांबू नका. हिरण्यकेशीला दोन तास द्या, मुलांना कुंडाच्या कडेला बसू द्या, पाण्यात साबण, शाम्पू, बिस्किटं काही नको. मग कावळेसाद, आणि धुकं असेल तर चहा घेऊन बसून राहा. नांगरतास बेळगावच्या रस्त्यावर साधारण दहा किलोमीटर पुढे आहे. चिंचोळ्या घळीत पडणारं पाणी सुरेख दिसतं, पण तेवढ्यासाठी हिरण्यकेशीचा वेळ कापू नका. महादेवगड मी या खेपेला सोडूनच देईन.

खरं म्हणजे एक रात्र आंबोलीत राहा. गोव्यातला समुद्र जुलैत बघायचाच असतो, उतरायचा नसतो, मग तिथे चार रात्री करायच्या काय? रात्री गावातल्या वाटाड्याबरोबर तासभर फिरलात तर मुलं जे बघतील ते दुसरीकडे दिसणार नाही. हे तुम्ही विचारलं नव्हतं, माहीत आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वळणांवर मुलांना उलटी होते, पोट भरून निघू नका. जळवा चढतात, मीठ जवळ ठेवा. झुडपात चापडा साप बसलेला असतो, हिरवा किंवा तपकिरी, पानांत मिसळून जातो आणि विषारी आहे, तेव्हा फांद्यांना हात लावू द्यायचा नाही. कावळेसादला कठडा ओलांडायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. घाटात दरड येते, निघण्याआधी रस्ता चालू आहे का विचारून घ्या. आणि घाटातल्या वळणावर बेडूक दिसले तरी गाडी थांबवू नका, वेग कमी करा. आम्ही थांबलो ती जागा घाटाच्या वरची होती आणि शेजारी २७ वर्षं घाट चालवलेला माणूस बसला होता. अनोळखी जागी अंधारात मुलाला उतरवायला भाऊजी घाबरले असतील, तर तेवढं मी मान्य करते.

सप्टेंबरात यायला जमलं तर सड्यावर फुलं असतात, गर्दीही कमी. पण जुलैच ठरला असेल तर मंगळवार-बुधवार धरा. उतरताना सावंतवाडीत मोती तलावापाशी गाडी लावून चितार आळीत मुलांना लाकडी खेळणी घेऊन द्या.

भाऊजी, तुमच्या मोबाइलवर हे येणारच. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत आणि टॉर्च अजून दाराजवळच्या खुंटीला असते. या पावसाळ्यात या, रविवार सोडून. वेळापत्रक बाबा करतील.